नवी सोशल साइट आली की काय करायचं?

इन्स्टाग्रामच्या मालकीच्या मेटा कंपनीचं थ्रेड्स, इन्स्टाग्रामच्याच खात्यावर चालणारी सोशल साइट, ५ जुलै २०२३ रोजी सुरू झालं आणि पाच दिवसांत तिथे १० कोटी खाती उघडली गेली. त्या आठवड्यात ज्यांनी खातं उघडलं नाही त्यांना आपण मागे पडलो असं वाटलं असेल तर नवल नाही. पण महिना संपायच्या आत मेटाचे प्रमुख मार्क झुकरबर्ग यांनीच आपल्या कर्मचाऱ्यांना सांगितलं की आलेल्यांपैकी निम्मेही टिकलेले नाहीत. पुढे थ्रेड्स पुन्हा वाढलं. म्हणजे पहिल्या दिवशी गेलेल्यांच्या हाती काही खास लागलं नाही, आणि सहा महिन्यांनी गेलेल्यांचंही काही बुडालं नाही.

आवाजी गप्पांच्या खोल्या असलेल्या क्लबहाउस या अ‍ॅपचंही तसंच. २०२१च्या सुरुवातीला त्याचं आमंत्रण मिळवण्यासाठी लोक ओळखी काढत होते. जुलै २०२१ मध्ये आमंत्रणाची अटच निघाली, आणि तोवर ट्विटरने तशाच गप्पांच्या खोल्या आपल्या अ‍ॅपमध्ये आणल्या होत्या.

इंटरनेटवर नवं काय येतंय ते कळावं असं वाटतं, पण कुठे पाहायचं, कशात शिरायचं आणि काय लांबूनच पाहून सोडून द्यायचं हे उमगत नाही, अशांसाठी हा लेख आहे. मला त्यात एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते: माग माणसांचा ठेवावा. साइट्स सुरू होतात, विकल्या जातात, बंद पडतात. तुम्हाला ज्यांचं लिहिलेलं वाचायचं असतं ती माणसं एका ठिकाणाहून दुसरीकडे जातात, आणि ती कुठे गेली हे माहीत असलं की नव्या जागेचा पत्ता तुम्हाला वेगळा शोधावा लागत नाही.

पहिली पायरी: माणसांची यादी

कोणतीही साइट न उघडता एक साधी फाइल घ्या. कागदही चालेल. ज्यांचं लेखन, चित्रं, फोटो किंवा माहिती तुम्ही मुद्दाम जाऊन पाहता अशा १५-२० जणांची नावं त्यात लिहा. प्रसिद्ध लोकच हवेत असं नाही. पक्ष्यांचे फोटो टाकणारं कुणी, जुन्या नकाशांवर लिहिणारं कुणी, अवघड गणित सोपं करून सांगणारं कुणी, असे लोक या कामाला जास्त उपयोगी पडतात. नावापुढे ती व्यक्ती सध्या कुठे लिहिते ते टिपा, आणि तिची स्वतःची वेबसाइट असेल तर तिचा पत्ता आधी लिहा. वेबसाइटचा पत्ता सहसा टिकतो. सोशल साइटवरचं खातं टिकेलच याची खात्री नसते.

ऑर्कुट ही गूगलची जुनी सोशल साइट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाली. गूगलने तीन महिने आधी सूचना दिली होती, आपले फोटो आणि स्क्रॅप (एकमेकांना लिहिलेले निरोप) उतरवून घ्यायची सोयही ठेवली होती. मजकूर ज्यांना हवा होता त्यांना तो मिळाला. पण जी माणसं फक्त तिथल्या समूहांत भेटत होती, ज्यांचा दुसरा पत्ता कुणी विचारलाच नव्हता, ती हरवली. हे नुकसान एका फाइलने टळतं, म्हणून मी ही पायरी सर्वांत आधी ठेवली आहे.

या यादीचा दुसरा उपयोग म्हणजे नवी जागा ओळखणं. नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्विटरवर अनेकांच्या प्रोफाइलवरच्या परिचयात मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्याच साइटवरचे पत्ते दिसू लागले. ट्विटर सोडून लोक कुठे चालले आहेत, हे समजायला तेवढं पुरेसं होतं. महिन्यातून एकदा यादीतल्या लोकांच्या प्रोफाइलवर चक्कर मारा. त्यांनी नवा दुवा जोडलाय का ते पाहा. यादीतले तिघे जण, एकमेकांशी संबंध नसताना, एकाच नव्या जागेचं नाव घेत असतील तर ती जागा पाहण्यासारखी आहे. एकट्याने कुणी कितीही कौतुक केलं तरी नाव टिपून ठेवा आणि थांबा.

दुसरी पायरी: बातमी येण्याची एकच जागा

नव्या साइट्सची बातमी जुन्या सोशल साइटवर मिळेल या भरवशावर राहू नका. तिथल्या फीडमध्ये काय वर आणायचं ते कंपनी ठरवते, आणि प्रतिस्पर्ध्याचं नाव वर आणण्यात तिला रस नसतो. डिसेंबर २०२२ मध्ये ट्विटरने मॅस्टोडॉनकडे जाणारे दुवे काही काळ सरळ अडवलेच होते.

त्यापेक्षा आरएसएस रीडर वापरा. १९९९ पासूनचं हे तंत्र आहे आणि अजूनही उत्तम चालतं. वेबसाइट आपल्या नव्या मजकुराची एक यादी ठरावीक पत्त्यावर ठेवते (या यादीलाही फीड म्हणतात), रीडर ती अधूनमधून तपासतो आणि नवीन काही आलं की तुमच्यापुढे मांडतो. क्रम तारखेचा असतो आणि मध्ये कुणाची निवड नसते. शिवाय मूळ साइटवर तुमचं खातं असावं लागत नाही.

सुरुवात करायला फीडली किंवा इनोरीडर यांपैकी एकावर मोफत खातं उघडा. अ‍ॅपलची उपकरणं वापरत असाल तर नेटन्यूजवायर हे मोफत अ‍ॅप छान आहे. रीडरच्या शोधचौकटीत वेबसाइटचा पत्ता टाकला की तो फीड स्वतः शोधतो. युट्यूब चॅनेलचा पत्ताही असाच चालतो. मॅस्टोडॉनवरच्या माणसाच्या प्रोफाइलच्या पत्त्यापुढे ‘डॉट आरएसएस’ (.rss) जोडलं की फीड मिळतो. ब्लूस्काय या ट्विटरसारख्या साइटवरच्या प्रोफाइललाही फीड असतो. पहिल्या पायरीतल्या यादीतले जेवढे लोक इथे आणता येतील तेवढे आणा. मग त्यांच्या साइटवर जाऊन तासभर रेंगाळायची गरज उरत नाही.

रीडरमध्ये एक सोय शोधून ठेवा: आपल्या सगळ्या फीडची यादी ओपीएमएल फाइल म्हणून उतरवणं. गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाला तेव्हा ज्यांनी ही फाइल काढून घेतली होती ते दुसऱ्या रीडरमध्ये काही मिनिटांत स्थिरावले. दर काही महिन्यांनी ती फाइल काढून आपल्या संगणकावर ठेवा.

माणसांबरोबर तीन-चार जागाही फीडमध्ये असाव्यात. प्रॉडक्ट हंटवर २०१३ पासून रोज नवी अ‍ॅप्स आणि साइट्स मांडल्या जातात, लोक त्यांना मतं देतात. वरची एक-दोन नावं बऱ्याचदा मतं गोळा करण्यात पटाईत असलेल्यांची असतात, तेव्हा नजर खालपर्यंत न्या. हॅकर न्यूज २००७ मध्ये सुरू झालं. तिथे ‘शो एचएन’ या शीर्षकाखाली लोक स्वतः बनवलेल्या गोष्टी दाखवतात. वातावरण प्रोग्रामरांचं आहे, पण दुव्याखालच्या प्रतिक्रिया आवर्जून वाचा. नव्या साइटमधली खोट तिथे पहिल्या तासात कुणीतरी दाखवून दिलेली असते.

सोशल साइट सोडून इंटरनेटवरच्या इतर गमतीजमती, छोटी संग्रहालयं, विचित्र नकाशे, कुणी वर्षानुवर्षं जमवलेले आवाज अशा गोष्टी हव्या असतील, तर त्या शोधण्यात माणसाला अजून तोड नाही. जेसन कॉट्के १९९८ पासून आपल्या कॉट्के डॉट ऑर्गवर असे दुवे देत आले आहेत. मेटाफिल्टर १९९९ पासून चालू आहे, तिथे अनेक सदस्य मिळून देतात. पूर्वी स्टंबलअपॉन नावाची साइट होती. बटण दाबलं की तुमच्या आवडीचं एखादं अनोळखी पान समोर यायचं. ती २०१८ मध्ये बंद झाली. तसा आनंद हवा असेल तर ‘कागी स्मॉल वेब’ पाहा. लोकांच्या वैयक्तिक वेबसाइटवरचं ताजं लेखन तिथे एकामागून एक उघडतं, खातं लागत नाही. मला हा कोपरा फार मोलाचा वाटतो, कारण शोधयंत्राच्या पहिल्या पानावर असं लेखन आता क्वचितच दिसतं.

न वाचलेल्यांचा आकडा वाढला की ‘सगळं वाचलं’ हे बटण दाबायचं. खरंच महत्त्वाचं असेल ते पुन्हा समोर येतं.

तिसरी पायरी: खातं न उघडता पाहणं

नाव कळलं की लगेच खातं उघडू नये. बहुतेक साइट्सचा काही भाग बाहेरूनही दिसतो. दोन-तीन लोकांच्या प्रोफाइल उघडून वाचा. लोक एकमेकांना उत्तरं देतात की प्रत्येक जण आपलंच बोलून निघून जातो? मराठीत एखादा शब्द शोधून पाहा. देवनागरीतले हॅशटॅग उघडून पाहा. मात्रा आणि जोडाक्षरं नीट राहतात की हॅशटॅग मध्येच तुटतो हे लगेच कळतं. ज्यांना मराठीत लिहायचं आहे त्यांच्यासाठी ही चाचणी सजावटीपेक्षा महत्त्वाची आहे.

मग बाहेर पडायचं दार शोधा. मदतीच्या पानावर ‘खातं हटवणं’ आणि ‘डेटा उतरवणं’ या दोन गोष्टी कशा करायच्या ते आत जायच्या आधी वाचा. थ्रेड्सच्या बाबतीत हेच अनेकांनी पाहिलं नव्हतं. सुरुवातीला थ्रेड्सचं प्रोफाइल हटवायचं तर इन्स्टाग्रामचं खातंही हटवावं लागत होतं. ही अट नोव्हेंबर २०२३ मध्ये निघाली. तोपर्यंत नुसतं पाहायला आलेल्यांनाही प्रोफाइल लपवून ठेवण्यापलीकडे काही करता येत नव्हतं.

जागा कुणाची आणि पैसा कुठून येतो, हेही पाहायचं. जाहिरात, वर्गणी, देणग्या की गुंतवणूकदार? नव्या साइटवर जाहिराती नसतात म्हणून ती कायम तशीच राहील असं नाही. गुंतवणूकदारांच्या पैशावर चालणारी जागा कधीतरी कमाईचा मार्ग शोधणारच किंवा विकली जाणार. बीरिअल या फोटोंच्या अ‍ॅपची कल्पना मला सुंदर वाटली होती: दिवसातून एकदा, कधीही, सूचना येणार आणि दोन मिनिटांत आहे तसा फोटो टाकायचा. २०२२ मध्ये ते सगळीकडे होतं, २०२४ मध्ये ते एका गेम-कंपनीने विकत घेतलं.

मॅस्टोडॉनचा प्रकार निराळा आहे. २०१६ पासून चालणारी ही साइट एका कंपनीच्या एका संगणकावर नाही. वेगवेगळ्या लोकांनी चालवलेले असंख्य सर्व्हर अ‍ॅक्टिव्हिटीपब नावाच्या खुल्या नियमावलीने एकमेकांशी बोलतात. एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर गेलात तर तुमचे अनुयायी तुमच्याबरोबर येतात, जुन्या पोस्ट मात्र मागेच राहतात. ब्लूस्कायनेही स्वतःची खुली नियमावली बनवली आहे. नवख्याला यातलं तंत्र समजायलाच हवं असं नाही. ‘इथून माणसांसकट निघता येतं का?’ एवढा प्रश्न विचारला तरी दोन साइट्समधला फरक स्पष्ट दिसतो.

चौथी पायरी: खातं उघडताना

अ‍ॅप उतरवताना साइटच्या स्वतःच्या पानावरच्या दुव्यावरून जा. एखादं नाव गाजायला लागलं की त्याच नावाची, तशाच चिन्हाची नकली अ‍ॅप्स अ‍ॅपच्या दुकानात येतात. बनवणाऱ्याचं नाव तपासा.

नव्या गोष्टी तपासण्यासाठी एक वेगळा ईमेल पत्ता ठेवा. जीमेल असेल तर पत्त्यातल्या नावापुढे अधिकचं चिन्ह आणि साइटचं नाव जोडता येतं. पत्र तुमच्याच पेटीत येतं आणि पुढे त्या पत्त्यावर जाहिराती यायला लागल्या तर पत्ता कुठून फुटला ते कळतं. काही साइट्स असा पत्ता स्वीकारत नाहीत, त्यांच्यासाठी तो वेगळा पत्ता आहेच.

प्रत्येक साइटला वेगळा पासवर्ड द्या, आणि तो लक्षात ठेवण्याचं काम बिटवॉर्डनसारख्या पासवर्ड मॅनेजरला द्या. हा सल्ला तुम्ही ऐकला असेल; नव्या साइट्स तपासणाऱ्यांना तो दुप्पट लागू आहे, कारण त्यांच्यामागे विसरलेल्या खात्यांची रांग तयार होते. २०१६ मध्ये मायस्पेस या जुन्या सोशल साइटवरच्या सुमारे ३६ कोटी खात्यांची माहिती बाहेर आली. ती माहिती कित्येक वर्षं जुनी होती. बहुतेकांनी तिथे जाणं केव्हाच सोडलं होतं. पण ज्यांनी तोच पासवर्ड ईमेलला ठेवला होता त्यांच्यासाठी धोका ताजा होता. आपला पत्ता अशा कुठल्या गळतीत सापडतो का हे सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांच्या ‘हॅव्ह आय बीन पोन्ड’ या साइटवर मोफत पाहता येतं. दोन टप्प्यांचं लॉगिन (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) मिळत असेल तर पहिल्याच दिवशी चालू करा.

आता या पायरीतलं सर्वांत महत्त्वाचं. ‘तुमचे मित्र शोधा’ असं म्हणत अ‍ॅप फोनमधले संपर्क मागेल. नाही म्हणा. २०१२ मध्ये पाथ नावाचं अ‍ॅप वापरणाऱ्यांची संपर्क-यादी न विचारता आपल्या सर्व्हरवर नेत असल्याचं उघड झालं. पुढच्या वर्षी त्या कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेबरोबर त्यावर तडजोड करावी लागली; त्याच तडजोडीत मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय घेतल्याबद्दल ८ लाख डॉलरही भरावे लागले. आता फोन आधी परवानगी विचारतो, पण ती दिली की परिणाम तोच. त्या यादीत तुमचे डॉक्टर, शेजारी, जुने सहकारी, नातलग असतात. त्यांचे नंबर कुणाला द्यायचे हा निर्णय त्यांचा आहे. मित्र शोधायला तुमच्याकडे पहिल्या पायरीतली यादी आहे.

टोपणनाव शक्य तिथे तेच ठेवा, म्हणजे तुम्हाला शोधणाऱ्यालाही सोपं जाईल. स्वतःचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा स्वतःच्या नावाचा पत्ता, असेल तर ब्लूस्कायवर तेच नाव म्हणून लावता येतं.

पाचवी पायरी: महिनाभर राहून पाहणं

पहिल्या दिवशी नवी साइट रिकामी वाटते. तिथेच बरेच जण कंटाळून परत फिरतात, किंवा सुचवलेल्या प्रसिद्ध खात्यांवर बटणं दाबत सुटतात आणि मग फीड गोंगाटाने भरते. यादीतले जे लोक तिथे असतील त्यांच्यापासून सुरुवात करा. त्यांनी कुणाला उत्तर दिलंय, कुणाचं पुढे पाठवलंय ते पाहत एकेक माणूस जोडा. ब्लूस्कायवर ‘स्टार्टर पॅक’ असतात, एखाद्या विषयावर लिहिणाऱ्यांची कुणीतरी जमवलेली यादी. ती चाळा, पण सगळ्यांना एकदम जोडू नका. मॅस्टोडॉनवर सर्व्हर कोणता निवडावा यात नवखे अडकतात. मोठ्या, सर्वसाधारण सर्व्हरवर सुरू करा, नंतर बदलता येतो.

फीडच्या वरच्या बाजूला बहुधा दोन कप्पे असतात: एकात साइटने निवडलेलं, दुसऱ्यात तुम्ही निवडलेल्या माणसांचं. दुसऱ्यात राहा. पहिल्या कप्प्यावरून साइटचा अंदाज घेतला तर सगळ्या साइट्स सारख्याच वाटतील.

लगेच पोस्ट लिहायची घाई करू नका. आधी दुसऱ्यांच्या लिहिण्याला उत्तर द्या. कुणी चांगला प्रश्न विचारला असेल आणि तुम्हाला उत्तर येत असेल तर ते नीट, सवडीने लिहा. छोट्या जागेत असं एक उत्तर माणसं जोडून देतं. प्रत्येक जागेचे न लिहिलेले संकेतही असतात. मॅस्टोडॉनवर फोटोखाली त्याचं वर्णन लिहायची रीत आहे, म्हणजे दृष्टिहीनांनाही फोटोत काय आहे ते कळतं. ही फार चांगली सवय आहे, ती कुठेही गेलात तरी सोडू नका.

नोटिफिकेशन पहिल्या दिवसापासून बंद, फक्त थेट संदेशांची चालू.

कॅलेंडरमध्ये महिन्यानंतरची आठवण लावून ठेवा आणि त्या दिवशी ठरवा. कुणी बोलावलं नसताना मी स्वतःहून इथे आलो का? आधी माहीत नव्हता असा एखादा माणूस भेटला का, की ज्याचं नाव यादीत जावं? इथे मिळालेलं दुसरीकडे मिळालं असतं का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं ‘हो’ असतील तर राहा. यादीत एकाही नावाची भर पडली नसेल तर साइट कितीही देखणी असली तरी ती तुमच्यासाठी नाही. हे उत्तर तुमच्यापुरतं आहे, तुमच्या मैत्रिणीला तीच जागा घरासारखी वाटू शकते. एका वेळी एकच नवी साइट तपासा, नाहीतर कशातच मन रमत नाही.

सहावी पायरी: सापडलेलं जपणं आणि निघताना

जे आवडलं ते साइटवरच ‘सेव्ह’ करून ठेवण्यावर विसंबू नका. मायस्पेसने २०१९ मध्ये मान्य केलं की सर्व्हर हलवताना २०१५ पर्यंत लोकांनी चढवलेलं संगीत नष्ट झालं. वाचायचं राखून ठेवण्यासाठी लाखो लोक वापरत होते ते पॉकेटही जुलै २०२५ मध्ये बंद झालं. जपावंसं वाटणारं पान इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेच्या वेबॅक मशीन या साइटवर ‘सेव्ह पेज नाऊ’ या चौकटीत टाका. ती संस्था त्याची प्रत ठेवते आणि कायमचा पत्ता देते. शेजारी आपल्या फाइलमध्ये एक ओळ लिहा: काय आहे, कुणाकडून मिळालं. दुसरी गोष्ट लिहिलीत तर वर्षभराने लक्षात येईल की तुमच्या उत्तम सापडलेल्या गोष्टी ठरावीक चार-पाच जणांकडून येतात. त्या लोकांचे फीड रीडरमध्ये सर्वांत वर न्या.

राहायचं नाही असं ठरलं तर फोनमधून अ‍ॅप काढणं पुरेसं नाही, खातं तसंच राहतं. आधी डेटा उतरवून घ्या. ज्यांच्याशी बोलणं झालं त्यांना आपला दुसरा पत्ता सांगा, त्यांचाही विचारून घ्या. साइट परवानगी देत असेल तर एक शेवटची पोस्ट लिहून ठेवा की मी अमुक ठिकाणी भेटेन, आणि आठवडाभर ती लोकांना दिसू द्या. मग सेटिंगमध्ये जाऊन खातं हटवा. ‘तात्पुरतं बंद’ आणि ‘कायमचं हटवा’ हे दोन वेगळे पर्याय असतात, पहिल्याने माहिती पुसली जात नाही. फेसबुक आणि इन्स्टाग्राम विनंतीनंतर ३० दिवस थांबतात, मधल्या काळात लॉगिन केलं तर ती रद्द होते. या खात्याने दुसऱ्या कुठल्या साइटवर लॉगिन करत असाल तर ते आधी बदलून घ्या. पासवर्ड मॅनेजरमधली नोंद मात्र हटवल्याचा ईमेल येईपर्यंत ठेवा, आणि ती काढताना नावापुढे तारीख टाकून आपल्या फाइलमध्ये एक ओळ ठेवा.